चार बिंदूंत मावलेलं वळण

भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागते. तिथे थांबलात तर मागच्या काचा वाचत जा. 'आईचा आशीर्वाद', दोन मुलांची नावं, एका रेषेत काढलेला गणपती, सगळं रेडियममधून कापलेलं. हे कापणारं यंत्र एखाद्या चिंचोळ्या गाळ्यात, टेबलावर मावेल एवढं असतं. एक रूळ, त्यावर पुढेमागे सरकणारा रेडियमचा पट्टा आणि डावीउजवीकडे धावणारं एक बारीक पातं. 'ई'च्या पोटातलं वळण ते पातं अशा सफाईने घेतं की हाताने बोर्ड रंगवणाऱ्या जुन्या पेंटरनेही मान डोलवावी.

गंमत अशी की पात्याला 'ई' ठाऊकच नाही. त्याला फक्त पुढचा बिंदू सांगितला जातो, आणि तिथपर्यंत कसं जायचं ते. आपण समजतो, कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी 'ई'चं चित्र ठेवलेलं असणार आणि यंत्र त्यावरून गिरवत असणार. मोबाइलने काढलेला फोटो तसा असतो खरा: लाखो रंगीत चौकोन शेजारीशेजारी मांडलेले. मोठा केला की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. पण रेडियमवाल्याच्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधला 'ई' कितीही ताणा, वीतभर करा नाहीतर चार मजली इमारतीएवढा करा, त्याची कड तशीच गुळगुळीत राहते. कारण तिथे चित्र नाहीच. तिथे आहेत मोजके आकडे.

हे आकडे डोळ्यांनी बघता येतात. इंकस्केप नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, २००३ पासून जगभरचे हौशी आणि जाणकार मिळून ते घडवत आले आहेत. त्यात एखादी वळणदार रेषा काढा, एसव्हीजी फाइल म्हणून सेव्ह करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. बऱ्याच जंजाळात एक ओळ सापडेल, साधारण अशी: एम ० १०० सी ५५.२३ १०० १०० ५५.२३ १०० ०. (फाइलमध्ये अक्षरं आणि आकडे रोमन असतात.) एम म्हणजे इथून सुरुवात कर. सी म्हणजे आता वळणाने जा. पुढचे सहा आकडे म्हणजे तीन बिंदू, आणि सुरुवातीचा धरून चार. एवढ्यावर एका वर्तुळाचा पाव भाग उभा राहतो. मधले हजारो बिंदू कुठेही लिहून ठेवलेले नाहीत.

चार बिंदूंपैकी पहिला आणि शेवटचा हे नोड. रेषा त्यांच्यातून जाते. मधले दोन म्हणजे हँडलची टोकं. रेषा त्यांच्याकडे झुकते, पण सहसा त्यांना शिवत नाही. पडद्यावर नोडमधून एक बारीक काडी बाहेर आलेली दिसते आणि तिच्या टोकाला गोळी असते, तेच हँडल. नवशिका माणूस बहुतेक वेळा ही गोळी धरून इकडेतिकडे ओढतो, रेषा कशीतरी वळवळते आणि त्याला वाटतं, हे आपल्या हाताबाहेरचं आहे. खरं तर काडी दोनच गोष्टी सांगते. भाईंदरच्या गोल्डन नेस्ट चौकातून सुटणाऱ्या रिक्षाचा विचार करा. ती कोणत्या दिशेला तोंड करून निघाली आणि किती वेगात निघाली, यावर तिचं पुढचं वळण ठरतं. काडीची दिशा म्हणजे निघण्याची दिशा, काडीची लांबी म्हणजे वेग. लांब काडी असेल तर रेषा बराच वेळ त्या दिशेचा हट्ट धरून मग वळते. आखूड असेल तर लगेच वळते. गणिती भाषेतही ही उपमा जवळपास शब्दशः खरी आहे: नोडपाशी रेषेचा वेग काढला तर तो काडीच्या बरोबर तिप्पट भरतो.

आता खरा नवलाचा भाग. चार बिंदूंवरून मधलं वळण निघतं कसं? यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. कागद, पेन्सिल आणि पट्टी पुरते.

कागदावर चार बिंदू घ्या, त्यांना क्रमाने अ, ब, क, ड म्हणा आणि सरळ रेषांनी जोडा. तीन रेषा झाल्या. प्रत्येकीचा मध्यबिंदू काढा. हे तीन नवे बिंदू जोडा, दोन रेषा होतील. त्यांचे मध्यबिंदू काढा. हे दोन बिंदू जोडा, एक रेषा उरेल. तिचा मध्यबिंदू काढा. हा शेवटचा बिंदू त्या वळणावरचा नेमका मधला बिंदू आहे. संपलं. वळणावरचा दुसरा एखादा बिंदू हवा असेल तर अर्ध्याऐवजी प्रत्येक वेळी एक तृतीयांशावर खूण करा, किंवा एक दशांशावर. गुणोत्तर एकच ठेवायचं, एवढीच अट. सरळ रेषा, त्यांचे भाग, पुन्हा सरळ रेषा. कुठेही कंपास नाही, त्रिकोणमिती नाही, आणि तरी 'ई'चं पोट तयार होतं.

शेवटच्या त्या बिंदूत अ, ब, क, ड यांचा वाटा किती किती? हिशेब उलटा करू. शेवटचा बिंदू दोन बिंदूंच्या मधोमध आहे, म्हणजे मागे जाताना डावीकडे जायचं की उजवीकडे अशी निवड आली. त्या प्रत्येकाच्या मागे पुन्हा डावं-उजवं. आणखी एकदा. तीन वेळा दोन-दोन पर्याय, म्हणजे आठ वाटा. आता डाव्याला लघू म्हणा आणि उजव्याला गुरू. तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू, एकूण आठ प्रकार. शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलेले हे आठ गण: य, म, त, र, ज, भ, न, स.

सर्व लघू असलेला गण एकच, न. ती वाट अ बिंदूवर पोचते. एक गुरू असलेले तीन: भ, ज, स. ते तिन्ही ब वर पोचतात. दोन गुरूंचे तीन, य, र आणि त, क वर येतात. सर्व गुरूंचा म एकटाच ड वर. म्हणजे मधल्या बिंदूत चौघांचे वाटे एक, तीन, तीन, एक, भागिले आठ. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात चार य गणांचं आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला रेडियम कापणाऱ्या यंत्राच्या गणिताची किल्ली आधीपासून माहीत होती. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, त्यात मेरुप्रस्तार येतो: एक, मग एक-एक, मग एक-दोन-एक, मग एक-तीन-तीन-एक. वृत्तं मोजण्यासाठी रचलेल्या त्या डोंगराच्या चौथ्या ओळीवर आज जगातली कितीतरी छापील अक्षरं वळण घेतात. कोणी कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. तीनदा दोनांतून एक निवडलं की हेच आकडे येणार, मग निवडणारा कवी असो की पातं.

वरच्या नोटपॅडच्या ओळीवर हे पडताळून बघा. उभे-आडवे आकडे वेगळे घ्यायचे. आडवे आहेत ०, ५५.२३, १००, १००. पहिला एकदा, दुसरा तीनदा, तिसरा तीनदा, चौथा एकदा, बेरीज ५६५.६९, भागिले आठ: ७०.७१. शंभर त्रिज्येच्या वर्तुळावर पंचेचाळीस अंशांवरचा बिंदू नेमका तिथेच असायला हवा.

नेमका, पण फक्त तिथे. या पद्धतीने खरं वर्तुळ कधीच काढता येत नाही, हे बहुतेकांना ऐकूनच खरं वाटत नाही. चार नोडांचं 'वर्तुळ' नोडांवर आणि त्यांच्या मधोमध बरोबर असतं, बाकी जागी केसाएवढं बाहेर फुगतं. किती? त्रिज्येच्या एक लाखात सत्तावीस भाग. दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ असं काढलं तर चूक जास्तीत जास्त पावणेतीन मिलिमीटरची येईल. रिक्षाच्या काचेवर ती शोधायला सूक्ष्मदर्शक लागेल. ५५.२३ हा आकडा त्यासाठीच निवडलेला आहे: काडी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के ठेवली की वर्तुळ गोल दिसतं. हा एक आकडा लक्षात ठेवला तरी हाताने नोड मांडणाऱ्याचं अर्धं काम सोपं होतं.

हे सगळं अक्षरांसाठी शोधलं गेलं नव्हतं. मोटारींसाठी होतं. १९५८ साली पॉल द कास्तेलजो हा तरुण गणितज्ञ फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत दाखल झाला. गाडीच्या पत्र्याची वळणं तेव्हा कारागीर मातीच्या नमुन्यावर ठरवायचे आणि तो आकार यंत्रापर्यंत पोचेपर्यंत थोडा बदलायचा. १९५९ मध्ये द कास्तेलजोने वर सांगितलेली निम्मं-निम्मं करण्याची रीत काढली. कंपनीने ती गुपित ठेवली. काही वर्षांनी प्रतिस्पर्धी रेनॉ कंपनीत पिएर बेझिए नावाचा इंजिनिअर स्वतंत्रपणे त्याच वळणांपाशी पोचला. त्याच्या कंपनीने त्याला लिहू दिलं, बोलू दिलं, आणि वळणांना नाव पडलं बेझिए कर्व्ह. रशियाच्या सर्गेई बर्नस्टाइनने १९१२ सालीच या एक-तीन-तीन-एक जातीच्या बहुपदी वापरल्या होत्या, पण त्याला गाडी काढायची नव्हती, एक प्रमेय सिद्ध करायचं होतं. बेझिए १९९९ मध्ये गेला, द कास्तेलजो २०२२ मध्ये. नाव मिळण्याचा न्याय असाच असतो, शोध लागण्यापेक्षा छापून येण्याशी त्याचं सख्य जास्त.

त्याही आधीची गोष्ट बोटींची. जहाजाचा आराखडा काढणारे लोक लाकडाची लवचीक पट्टी कागदावर वाकवायचे आणि शिशाची वजनं ठेवून ती जागच्या जागी धरायचे. लाकूड स्वतःच सगळ्यांत सहज वाटणारी वाकण घेतं. उत्तनच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या कोळ्यांच्या बोटी बाजूने पाहिल्या की हे पटतं, फळ्यांच्या ओळी नाळेकडे कशा एका दमात वर जातात ते. पट्टीची अडचण एकच: एक वजन सरकवलं की हलका का होईना, धक्का सगळ्या पट्टीला बसतो. बेझिएच्या वळणात एक हँडल ओढलं तर त्याच दोन नोडांमधला भाग हलतो. म्हणून अक्षराचं एक कोपर दुरुस्त करताना बाकीचं अक्षर शाबूत राहतं.

१९८७ मध्ये अडोबीचं इलस्ट्रेटर आलं, १९८९ मध्ये कॅनडातलं कोरलड्रॉ. आपल्याकडच्या छापखान्यांनी आणि बोर्डवाल्यांनी कोरल उचललं आणि अजून सोडलेलं नाही. 'फॉन्ट कर्व्ह करून पाठवा' हे वाक्य मिरा रोडपासून मिरजेपर्यंत कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडून ऐकायला मिळेल. तुमच्या मशीनवरचा फॉन्ट त्याच्याकडे नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भरकटतात. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षराचं अक्षरपण संपतं आणि नुसते पाथ, म्हणजे नोडांनी बांधलेल्या रेषा, उरतात. मग कॉम्प्युटरला ते अक्षर म्हणून वाचताही येत नाही, शोधताही येत नाही, पण ते बिघडतही नाही. आणि नोड हाताला लागतात ते यानंतरच.

तर आता हात घालू. इंकस्केपमध्ये एन दाबा, कोरलमध्ये एफ१०. 'व' घ्या, कर्व्ह करा, नोड दिसतील. 'व' म्हणजे बोरूचा एक गोलाकार फेरा, एक उभा दांडा, वर शिरोरेषा, असं आपला हात मानतो. कॉम्प्युटरला ही हालचाल माहीत नाही. त्याच्याकडे शाईच्या सीमेवरून मारलेली प्रदक्षिणा आहे: बाहेरून एक, आणि पोटातल्या पोकळीभोवती दुसरी. ही दुसरी प्रदक्षिणा सहसा उलट्या दिशेने असते. त्यावरूनच सॉफ्टवेअरला कळतं की इथे भोक आहे, रंग भरायचा नाही. कर्व्ह केल्यानंतर पाथ सुटे केले आणि 'व'चं पोट एकदम काळं भरून गेलं, तर घाबरायचं नाही. दोन पाथ पुन्हा कम्बाइन केले की पोट मोकळं होतं.

नोड तीन स्वभावांचे. टोकदार नोडच्या दोन्ही काड्या स्वतंत्र, म्हणून तिथे कोपरा होऊ शकतो. दांडा शिरोरेषेला मिळतो तिथे हाच हवा. स्मूथ नोडच्या दोन्ही काड्या एका सरळ रेषेत, लांबी मात्र वेगळी चालते, म्हणून रेषा न मोडता वळते. सिमेट्रिक नोडच्या काड्या लांबीलाही सारख्या. हा तिसरा नवशिक्यांना आवडतो आणि अक्षरात फारसा कामाला येत नाही. देवनागरी वळण दोन्ही बाजूंना सारखं कधी असतं?

नोड कुठे ठेवायचे, हा खरा शिकण्याचा विषय. फॉन्ट घडवणारे लोक एक शिस्त पाळतात: वळण जिथे सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे, सर्वांत वर आणि सर्वांत खाली जातं तिथे नोड, आणि त्याच्या काड्या अगदी उभ्या किंवा अगदी आडव्या. 'व'च्या पोटाला बाहेरून पाहिलं तर एक नोड डाव्या टोकावर, एक तळाशी, मग दांड्याशी गाठ. पुरे. आतल्या पोकळीलाही तसेच. पण बाहेरचा तळ आणि आतला तळ एकाखाली एक येत नाहीत. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघ जाड कुठे आणि बारीक कुठे हे दिशेवर ठरतं, आणि आतलं वळण बाहेरच्यापेक्षा थोडं पुढे किंवा मागे सरकतं. हा सरक पुसून दोन्ही वळणं समांतर केली की अक्षर वाचता येतं, पण पाइप वाकवल्यासारखं दिसतं. बाजारातल्या कितीतरी पाट्यांवरची देवनागरी अशी पाइपची आहे.

जाडीचा खेळ शेवटपर्यंत ताणून बघायचा असेल तर मुंबईच्या एक टाइपचा मोदक फॉन्ट मोठा करून बघा. सारंग कुलकर्णींनी त्यातली देवनागरी रेखाटली. अक्षरं इतकी गुबगुबीत की पोकळीच्या जागी नुसती फट उरते, आणि तरी 'म' 'म'च वाचला जातो. दुसऱ्या टोकाला विंडोजमधला साधा मंगल. तो र. कृ. जोशी यांचा, विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचलेला. हे जोशी पवईच्या आयआयटीत सुलेखन शिकवत असत. मंगल ज्या जातीचा फॉन्ट आहे तिच्यात दोन नोडांमध्ये दोन हँडलांऐवजी एकच नियंत्रक बिंदू असतो. त्याचे वाटे एक-दोन-एक, मेरुप्रस्ताराची वरची ओळ. लवचीकपणा कमी, म्हणून तेच वळण घ्यायला नोड जास्त लागतात.

नोड जास्त झाले की काय होतं, ते पाहायला व्हॉट्सॲपवर आलेला लोगो पुरतो. गिऱ्हाईक मोबाइलवरचं धूसर चित्र देतं आणि म्हणतं, हे काचेवर लावून द्या. घाईत ट्रेस मारला जातो. सॉफ्टवेअर त्या चित्राच्या खरबरीत कडेवरून प्रामाणिकपणे चालतं आणि प्रत्येक खाचेवर नोड ठेवत जातं. जे वळण चार नोडांत झालं असतं त्यावर दीडशे. पडद्यावर लांबून छान दिसतं. पातं मात्र प्रत्येक नोडवर दिशा बदलतं, रेडियमची कड कुरतडल्यासारखी होते, आणि नको असलेला भाग चिमट्याने सोलताना बारीक टोकं त्याच्याबरोबर उपटून येतात. सिम्प्लिफाय नावाची आज्ञा असते, ती नोड कमी करते, पण कोपरेही वितळवते. अनुभवी माणूस ट्रेस फिकट करून खाली ठेवतो आणि वरून आपले मोजके नोड मांडतो. त्याला जास्त वेळ लागतो असं वाटतं. सोलण्याचा वेळ धरला तर लागत नाही.

वळणावर दोनदा क्लिक केलं की नवा नोड उगवतो आणि वळण तसूभरही हलत नाही. याचं कारण मघाच्या पेन्सिलीच्या आकृतीतच आहे. निम्मं-निम्मं करताना जे मधले बिंदू पडले, त्यांतले डाव्या कडेचे चार घ्या: डाव्या अर्ध्या वळणाचे नोड आणि हँडल तेच. उजव्या कडेचे चार उजव्या अर्ध्याचे. आकृती पुसून न टाकता ठेवली असेल तर आत्ता बघा. उलट दिशेने मात्र ही सोय नाही. नोड काढला की सॉफ्टवेअर दोन वळणांच्या जागी एक बसवायचा अंदाज करतं, आणि तो अंदाज असतो.

शिरोरेषेचा एक खास देशी घोटाळा आहे, रोमन लिपीवाल्यांना तो सहसा भेटत नाही. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, म्हणजे छापताना मध्ये फट दिसू नये. कागदावर काळ्यावर काळं, कळत नाही. पण पातं सीमेवरून चालतं. 'आई' दोन अक्षरांचे दोन पाथ असतील तर ते शिरोरेषेच्या मधोमध दोन उभे छेद देईल, आणि सोलताना तिथे एक इवलासा तुकडा सुटून येईल. म्हणून कापण्याआधी वेल्ड. सगळे पाथ एक होतात, आतल्या सीमा नाहीशा होतात आणि शब्दाभोवती एकच बाह्यरेषा उरते. शब्द म्हणजे एकसंध तुकडा, ही गोष्ट देवनागरीत अक्षरशः हातात धरता येते: 'आशीर्वाद' हा शब्द काचेवर लावायला एका टोकाला धरून उचलला तर सगळा येतो. रोमनमध्ये तीच अक्षरं एकेक करून उचलावी लागतात.

पत्र्यातून किंवा ॲक्रिलिकमधून स्टेन्सिल कापताना हेच उलटं नडतं. 'व'चं पोट चहूबाजूंनी बंद, म्हणून ते सुटून खाली पडतं. तिथे वळणावर जवळजवळ दोन नोड टाकायचे, मधला तुकडा तोडायचा, समोरच्या पाथवरही तसंच करायचं, आणि टोकं आडवी जोडून एक बारीक पूल तयार करायचा. पुलाची जागा निवडणं हे त्या कारागिराचं अक्षरज्ञान. 'भ'च्या गाठीत पूल टाकला तर 'म' वाचला जाण्याचा धोका असतो.

२०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली: पाटीवर मराठी नाव देवनागरीत हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मिरा-भाईंदरसारख्या शहरात, जिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर चार लिप्या नांदतात, बोर्डवाल्यांकडे देवनागरीचं काम वाढणारच होतं. त्या पाट्यांवरचा 'ल' बघत चला. बहुतेक ठिकाणी उजवीकडे दांडा असलेला 'ल' दिसतो, कारण बहुतेक फॉन्टांत मूळ रूप म्हणून तोच भरलेला असतो. मराठी वर्णमालेविषयीच्या २००९ च्या शासन निर्णयाने पसंत केलेला 'ल' वेगळा: दोन पाकळ्यांचा, मध्ये देठ.

नोड शिकायला यापेक्षा चांगला धडा नाही. दांड्याचा 'ल' घ्या, कर्व्ह करा, दांड्याचे नोड निवडून काढून टाका. डाव्या पाकळीची नक्कल करा, आडवी उलटवा, उजवीकडे ठेवा, देठापाशी जोडा. झाला 'ल'. आणि काहीतरी खटकतं. खटकायलाच हवं. बोरू एका बाजूला तिरका असतो, आरशात तो दुसऱ्या बाजूला तिरका होतो. डाव्या पाकळीत जाडी जिथे भरली आहे, उजवीकडे ती चुकीच्या जागी आली. आता बाहेरचा तळाचा नोड थोडा सरकवा, आतल्या वरच्या नोडची काडी आखूड करा, जाडी कुठे गोळा होते ते बघत राहा. अक्षर हळूहळू एका हाताने लिहिल्यासारखं दिसू लागतं. दोन नोड आणि तीन काड्या हलल्या असतील फक्त.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत स्टीलची भांडी बनतात, आणि भांडं म्हटलं की त्यावर नाव आलं. आहेराच्या डब्यावर घेणाऱ्याचं, मंडळाच्या पातेल्यावर देणाऱ्याचं, तारखेसकट. भांडीवाला पूर्वी थरथरणाऱ्या टोकाचं छोटं मशीन हातात धरून ठिपक्या-ठिपक्यांची रेघ ओढत नाव घालायचा, अजूनही बरेच जण घालतात. आता लेझर आलं आहे. पहिल्यांदा लेझरवर नाव घालणारा हमखास चकित होतो: प्रत्येक रेघेच्या दोन रेघा उमटतात, अक्षर पोकळ दिसतं. लेझरचा काही दोष नाही. त्याला पाथ दिला होता, आणि फॉन्टमधला पाथ म्हणजे शाईची सीमा. आत भरायचं असेल तर बारीक आडव्या रेघांनी तो भाग घासून काढावा लागतो, आणि त्यात वेळ जातो.

हातमशीनवाल्याची रेघ वेगळ्या कुळातली होती. त्याच्या 'आ'ला आत-बाहेर नव्हतं, मधून जाणारी एकच वाट होती. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत ॲलन हर्शी यांनी १९६७ साली अशीच एकेरी रेघांची अक्षरं कॉम्प्युटरसाठी तयार केली होती, सगळी सरळ तुकड्यांची. देवनागरीत तसं करायचं तर इंकस्केपचं पेन घ्यायचं, भांडीवाल्याने घातलेल्या एखाद्या नावाचा फोटो खाली ठेवायचा आणि त्याच्या ठिपक्यांच्या मधोमध नोड मांडत जायचं, पाथ बंद न करता. 'स'चा फेरा पाचसहा नोडांत होतो. जिथे त्याने हात न उचलता वेलांटीवरून पुढच्या अक्षरात उडी मारली आहे तिथे नोड टोकदार करावा लागतो, आणि तिथली काडी किती लांब ठेवायची हे त्याच्या हाताचा वेग पाहूनच ठरवता येतं. ठिपके जिथे विरळ, तिथे हात भरभर गेलेला असतो.